पावसाचा नकाशा आणि पाण्याचा हंडा



शाळेंत चालणाऱ्या कोणत्याहि नकाशांच्या पुस्तकांत एक पान हमखास सांपडतें. जगाचा नकाशा, आणि त्यावर निळ्या रंगाच्या पांच-सहा छटा. जेथें पाऊस पुष्कळ तेथें रंग गडद, जेथें कमी तेथें फिकट, आणि जेथें तो जवळजवळ पडतच नाहीं तेथें पिवळा किंवा अगदींच कोरा. मुलें हें पान आवडीनें पाहतात. विषुववृत्ताच्या दोहों बाजूंचा निळा पट्टा आणि सहारा-अरबस्तानचा पिवळा पट्टा पाठ करतात, व परीक्षेंत तसें लिहून गुणहि मिळवितात. एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्या पानावरून मुलाच्या मनांत एक अनुमान आपोआप उतरतें, आणि तें कोणीं शिकविलेलें नसल्यामुळें कोणी दुरुस्तहि करीत नाहीं. तें असें कीं, जेथें निळा रंग गडद तेथें प्यावयास पाणी मुबलक, आणि जेथें तो फिकट तेथें लोक तहानलेले. हें अनुमान किती फसवें आहे, हें दूर न जातां आपल्याच इतिहासावरून दाखवितां येतें. म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं हा विषय निवडला आहे.

हा नकाशा आला कोठून, हें प्रथम पाहूं. पाऊस मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांत अभ्यासकांस एक मौजेची गोष्ट आढळली. राजाच्या कोठारांत एक अरत्नि, म्हणजे सुमारें एक हात, रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें, असें त्या ग्रंथांत सांगितलें आहे. पुढें शेतीच्या अध्यक्षाचीं कामें सांगतांना कोणत्या देशांत किती द्रोण पाऊस पडतो याचें कोष्टकच दिलें आहे. जांगल म्हणजे रुक्ष देशांत सोळा द्रोण, अनूप म्हणजे पाणथळ देशांत त्याच्या दीडपट, अवंतींत तेवीस. गोदावरीकांठच्या अश्मक देशांत जांगलाहूनहि कमी. आणि अपरांतांत, म्हणजे आपल्या कोंकणांत, ‘अमित’. ज्यानें आषाढांतला एक आठवडा कोंकणांत काढला आहे त्यास या शब्दांत अतिशयोक्ति वाटावयाची नाहीं. घाटाखालचा पाऊस आणि घाटावरचा पाऊस यांतला भेद सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या या लेखकास पुरता ठाऊक होता, एवढें त्यावरून दिसतें.

कोरियाच्या सेजोंग राजाच्या दरबारीं १४४१ सालीं पाऊस मोजण्याचें पात्र सिद्ध झालें, आणि तशीं पात्रें प्रांतोप्रांतीं पाठवून पावसाचे आंकडे राजधानीस कळविण्याची पद्धति घालून देण्यांत आली. युरोपांत ही बुद्धि उशिरा सुचली. इटलींत पेरुजिया येथें १६३९ सालीं गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्लि यानें कांचेच्या भांड्यांत पावसाचें पाणी धरून मोजलें व तें आपल्या गुरूस पत्रानें कळविलें. शेजारच्या त्रासिमेनो सरोवराची पातळी त्या पावसानें किती चढेल, हें त्यास पाहावयाचें होतें. परंतु याहून महत्त्वाचें काम पिएर पेरो नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थाचें. ‘सिंड्रेला’ची गोष्ट ज्याच्या नांवावर सांगितली जाते त्या शार्ल पेरोचा हा भाऊ. सरकारी करवसुलीच्या हुद्यावरून त्यास दूर व्हावें लागलें होतें, आणि मोकळ्या वेळांत त्यानें झऱ्यांच्या उगमाचा अभ्यास आरंभिला. त्या काळीं युरोपांतील पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, समुद्राचें पाणी जमिनीच्या पोटांतील वाटांनीं वर चढतें, वाटेंत त्याचा खारटपणा जातो, व तेंच झरे आणि नद्या होऊन बाहेर पडतें. एवढाल्या नद्या नुसत्या पावसावर कशा वाहतील, असा त्यांचा प्रश्न असे. पेरोनें सेन नदीच्या वरच्या खोऱ्यांतला पाऊस आणि नदीचें वाहतें पाणी यांचा हिशेब मांडला आणि १६७४ सालीं प्रसिद्ध केला. नदींत वर्षभर जें पाणी वाहतें त्याच्या सहापट पाणी पावसानेंच पडतें, असा तो हिशेब निघाला. वादाचा निकाल लागला. ज्याची सारी हयात जमाखर्चांत गेली त्यानेंच पृथ्वीच्या पाण्याचा पहिला जमाखर्च मांडावा, हेंहि योग्यच म्हणावयाचें.

पुढें दर्यावर्दी देशांची सत्ता पसरली तसतशीं पर्जन्यमापकें जगभर गेलीं. हिंदुस्थानांत १८६४ सालीं कलकत्त्यास चक्रीवादळानें उद्ध्वस्त केलें, १८६६ सालीं ओरिसांत घोर दुष्काळ पडला, आणि अशा आपत्तींनंतर १८७५ सालीं सरकारनें हवामानखातें स्थापन केलें. अमेरिकेंतील येल येथील प्राध्यापक ईलायस लूमिस यानें देशोदेशींचे आंकडे गोळा करून १८८२ सालीं वार्षिक पावसाचा जगाचा नकाशा काढला. मुलांच्या पुस्तकांतील निळें पान हें त्याच घराण्यांतलें.

या साऱ्या इतिहासांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कौटिल्याचें कुंड कोठारांत आहे, देवळांत नाहीं किंवा पाणवठ्यावर नाहीं. कोरियाच्या राजास पिकांची काळजी, आणि पिकांवर साऱ्याची. आमच्या हवामानखात्याच्या मागेंहि दुष्काळाची व महसुलाची चिंता होतीच. राज्यकर्त्यांनीं पाऊस मोजला तो धान्यासाठीं आणि वसुलीसाठीं. कोणत्या गांवांत कोणास किती लांबून पाणी आणावें लागतें, याची नोंद त्यांच्या दप्तरांत बहुतकरून नसे. कारण तहानेवर कर बसवितां येत नाहीं. पावसाचा नकाशा शेंदीडशें वर्षांचा झाला. तहानेचा नकाशा काढण्याचे प्रयत्न त्या मानानें अगदीं कालपरवांचे आहेत.

आतां नकाशावरचे रंग असे कां पडतात, हें थोडक्यांत. इंग्रज ज्योतिषी एडमंड हॅली यानें, धूमकेतूमुळें आपण ज्यास ओळखतों त्याच हॅलीनें, १६८६ सालीं व्यापारी वारे व मोसमी वारे यांचा नकाशा प्रसिद्ध करून या विद्येचा पाया घातला. विषुववृत्तापाशीं सूर्याच्या उष्णतेनें हवा तापून वर चढते, वर गेल्यावर थंड होते, आणि तिच्यांतली वाफ पाऊस होऊन पडते. कोरडी झालेली ती हवा उत्तरेस व दक्षिणेस सरकून सुमारें तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खालीं उतरते. उतरणारी हवा पाऊस देत नाहीं. म्हणून जगांतली बहुतेक मोठीं वाळवंटें त्याच पट्ट्यांत आहेत. याखेरीज समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यास डोंगर आडवा आला, कीं डोंगराचें एक अंग भिजतें व दुसरें कोरडें राहतें. याचें उदाहरण आम्हांस पुस्तकांत शोधावयास नको. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पसरणीचा घाट उतरून वाईस यावें, तों त्याचा सहावा हिस्साहि पडत नाहीं. जुन्या मापाची संवय असलेल्यांनीं २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच समजावें.

शिक्षक बहुधा येथें थांबतात. वास्तविक खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मेघालयांतील चेरापुंजी घ्या. १ ऑगस्ट १८६० पासून ३१ जुलै १८६१ पर्यंतच्या बारा महिन्यांत तेथें २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. एका वर्षांतल्या पावसाचा तो जागतिक उच्चांक समजला जातो. नेहमींच्या वर्षींहि तेथें ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नकाशावर याहून गडद निळा ठिपका नाहीं. आणि याच चेरापुंजीस हिवाळ्यांत पाण्याची टंचाई भासते, बायकामुलें भांडीं घेऊन दूरच्या झऱ्यांवर जातात. कारण उघड आहे. पाऊस येतो तो मुख्यतः पावसाळ्याच्या महिन्यांत, पडतो तो तीव्र उतारावर आणि चुनखडीच्या सच्छिद्र खडकावर. मातीचा थर पातळ, झाडी तुटलेली. आभाळांतून उतरलेलें पाणी पाहतां पाहतां कड्यावरून खालच्या सिल्हेटच्या मैदानांत निघून जातें. मोजण्याचें पात्र भरतें, घागर भरत नाहीं.

हीच गोष्ट आंकड्यांनीं मुलांपुढें मांडतां येते, आणि हिशेब इतका सोपा आहे कीं, चौथीच्या मुलासहि करतां यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. मुंबईस वर्षाकाठीं सुमारें २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटर छपरावर २,२०० लिटर. एका माणसास पिणें, स्वयंपाक, आंघोळ व धुणें मिळून दिवसास ५० लिटर धरले, तर वर्षास १८,२५० लिटर लागतात. म्हणजे साडेआठ चौरस मीटर छपर, एवढीशी खोली, एका माणसास पुरे. पुण्यास सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथें २६ चौरस मीटर लागेल. येथवर मुलें खूष होतात. मग त्यांस विचारावें, कीं हा पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो? चार महिन्यांत पडून गेल्यावर पुढचे आठ महिने काय प्यावयाचें? आठ महिन्यांचे दर माणशीं १२,००० लिटर सांठवावयाचे तर २.३ मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच खोल टांकी हवी. आणि पांच माणसांच्या घरास अशा पांच. मुंबईच्या चाळींतला मुलगा हा हिशेब करून आपल्या खोलीकडे पाहतो, तेव्हां पावसाचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न निराळे आहेत हें त्यास सांगावें लागत नाहीं. लंडनला पाऊस पडतो सुमारें ६०० मिलिमीटर, पुण्याहूनहि कमी. परंतु तो बारा महिने थोडथोडा भुरभुरत राहतो, आणि तेथल्या थंड हवेंत उडूनहि कमी जातो. बर्म्यूडा बेटांवर एकहि नदी नाहीं. तेथें घराच्या पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या छपरावर पाऊस धरून तो घराखालच्या टांक्यांत सांठविण्याचा रिवाज पिढ्यान्पिढ्या चालत आला असून कायद्यानेंहि तें बंधनकारक आहे. सांठवण हा तेथें घराचा पायाच आहे, म्हटलें तरी चालेल.

आपल्या पूर्वजांस हें कळत नव्हतें असें मुळींच नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी, म्हणजे पुढचें औरंगाबाद व आतांचें छत्रपति संभाजीनगर, या शहरासाठीं जमिनीखालून नहर आणला. पाऊस बेताचा, नदी लहान. तरी डोंगरपायथ्याचें झिरपतें पाणी त्यानें भूमिगत वाटांनीं शहरांत खेळविलें. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तेथील पाणी दगडी बांधणीच्या नळानें, जमिनीच्या उतारानेंच, शहरांत आणलें आणि तें हौदांत सोडलें. या नळांतून माणूस वांकून चालत जाऊं शकतो, एवढा तो मोठा. शहरांतल्या पेठांस व हौदांस हें पाणी पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ मिळत राहिलें. तात्पर्य काय, तर ७०० मिलिमीटर पावसाच्या पुण्यास नळाचें पाणी मिळालें तें २,२०० मिलिमीटर पावसाच्या मुंबईच्या शंभर वर्षें आधीं.

मुंबईची हकीकत ऐकण्याजोगी आहे. आज शहरांतून हिंडतांना धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टांकी अशीं नांवें आपण सहज उच्चारतों. त्या ठिकाणीं पाणी दिसत नाहीं म्हणून कोणास नवल वाटत नाहीं. हीं सारीं मुंबईच्या जुन्या तळ्यांचीं आणि टांक्यांचीं थडगीं आहेत. बेटावरच्या पुष्कळशा विहिरींचें पाणी मचूळ. गोडें पाणी लागलें तर तें भाग्यच. १७२५ सालीं भिखाजी बेहराम या पारशी गृहस्थानें खोदविलेल्या विहिरीस समुद्र इतका जवळ असून गोड पाणी लागलें. क्रॉस मैदानाजवळची ही विहीर आजहि श्रद्धेनें जपलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शहराची वस्ती साडेपांच लाखांवर गेली, आणि तळीं तीच राहिलीं. १८५४ सालीं पाण्याचा असा दुष्काळ पडला कीं, गुरें शहराबाहेर माहीमकडे हलविण्याचा हुकूम सरकारास काढावा लागला, आणि बाहेरून होड्यांतून पाणी आणून बोरीबंदर, चिंचबंदर व डोंगरी येथील विहिरींत ओतावें लागलें. ज्या शहरांत दोन महिन्यांनीं गुडघाभर पाणी सांचावयाचें, त्या शहरांत पाणी होड्यांनीं आणून विहिरींत ओतीत आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें.

त्याच १८५४ सालीं, ऑगस्टच्या अखेरीस, लंडनच्या सोहो भागांत पटकीची सांथ उसळली आणि थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. तेथें पाण्याची वाण नव्हती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचें पाणी तर स्वच्छ व चवदार म्हणून लांबून लोक नेत. डॉक्टर जॉन स्नो यानें घरोघर चौकशी करून मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, तों सारे ठिपके त्या पंपाभोंवतीं गोळा झालेले दिसले. ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यांत आला. शेजारच्या घराच्या शौचकूपांतील घाण त्या विहिरींत पाझरत होती, हें पुढें खोदून पाहिल्यावर सिद्ध झालें. पाण्याच्या इतिहासांतील हा नकाशा मला लूमिसच्या नकाशाइतकाच मोलाचा वाटतो, किंबहुना अधिक. लूमिसच्या नकाशांत पाणी कोठें पडतें तें दिसतें, स्नोच्या नकाशांत तें कोणाच्या घशांत जातें तें दिसतें. ‘पाणी आहे’ आणि ‘पिण्याचें पाणी आहे’ या दोन वाक्यांतला फरक त्या एका वर्षीं दोन शहरांनीं दोन परींनीं शिकविला.

मुंबईस तोड निघाली ती हेन्री कॉनिबेअर या इंजिनियराच्या योजनेनें. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडाहि त्याचाच. साष्टींतील डोंगरांत मिठी नदी अडवून विहार तलाव बांधण्यास १८५६ सालीं आरंभ झाला आणि १८६० सालीं त्याचें पाणी नळांतून शहरांत आलें. तें पुरेना, म्हणून १८७९ सालीं तुळशी. तेंहि पुरेना, म्हणून बेट आणि साष्टी दोन्ही सोडून पार ठाणें जिल्ह्यांतल्या शहापुराकडे जावें लागलें, आणि १८९२ सालीं तानसा झालें. पुढें १९५७ सालीं वैतरणेवरचा मोडकसागर, नंतर भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा. जसजसें शहर वाढलें तसतसा त्याचा हात लांब होत गेला. इंजिनियरिंगच्या दृष्टीनें हें काम थोर आहे, आणि मुंबईकर त्याबद्दल पुरेसे कृतज्ञ नाहींत असें मला नेहमीं वाटतें.

परंतु या कथेची दुसरी बाजू शाळेंत सांगितली जात नाहीं. शहापूर तालुका पावसाचा; सह्याद्रीच्या पायथ्याचा; मुंबईचीं मोठालीं धरणें त्याच्या अंगणांत. आणि उन्हाळा आला, कीं त्याच तालुक्यांतील गांवांस व आदिवासी पाड्यांस टँकरनें पाणी पुरवावें लागतें, ही बातमी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षें येत आली आहे. पाडा उंचावर, धरण खालीं. नळ धरणापासून निघतो तो गांव ओलांडून शंभर किलोमीटर दूर जातो. येथें दोष आभाळाचा नाहीं, खडकाचाहि नाहीं. नळ कोठें न्यावयाचा हें माणसांनीं ठरविलें. उलट पेरू देशाची राजधानी लिमा पाहा. तेथें वर्षाकाठीं २० मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं, नकाशावर ती जागा कोरी. तरी अँडीज पर्वतांतून येणाऱ्या रीमाक नदीच्या आधारावर सुमारें एक कोटि वस्तीचें तें शहर उभें आहे. मात्र तेथेंहि टेकड्यांवर वसलेल्या गरिबांच्या वस्त्यांत नळ पोंचलेला नाहीं, आणि टँकरनें विकत घेतलेल्या पाण्यास ते नळवाल्या श्रीमंतांच्या कितीतरी पट अधिक दाम मोजतात. शहापूर भिजलेलें, लिमा कोरडें. परंतु दोन्हीं ठिकाणीं उंचावरची बाई टँकरचीच वाट पाहते.

आणि पाणी अगदीं दारांत असलें तरी तें मिळतेंच असें नाहीं. कात्रजच्या पाण्याचे हौद पुण्यांत पेठोपेठीं होते. त्यांतून कोणीं पाणी भरावें व कोणीं भरूं नये, हें जातीनें ठरलेलें होतें. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. आपल्याच घरचा हौद खुला करण्यास धैर्य लागावें, यावरून त्या काळाची कल्पना येते. मुंबईच्या कायदेमंडळांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, कीं सरकारी खर्चानें चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागून हजारों माणसें शांतपणें त्या तळ्यावर गेलीं, आणि ओंजळभर पाणी प्यालीं. परततांना त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तळें बाटलें म्हणून १०८ घागरी पंचगव्य त्यांत ओतून तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. नंतर प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि तळें खाजगी असून अस्पृश्यांस तेथें मज्जाव करण्याची वहिवाट आहे, हा सवर्णांचा दावा मुंबईच्या हायकोर्टानें अखेर १७ मार्च १९३७ रोजीं फेटाळला. एका ओंजळीस दहा वर्षें लागलीं.

महाडास वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तें कौटिल्याच्या ‘अमित’ अपरांतांतलें गांव. नकाशावर तेथें रंग पुरेसा गडद आहे. आणि त्याच रंगाखालीं कित्येक पिढ्या तहानलेल्या राहिल्या. भूगोलाच्या शिक्षकानें महाडची ही हकीकत इतिहासाच्या तासाची म्हणून सोडून देऊं नये. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं आणि स्नानाचे घाट यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख आहे. ज्यांस त्याचें कारण ठाऊक नाहीं त्यांस एवढ्या भारदस्त ग्रंथांत विहिरी कशाला आल्या, असें वाटण्याचा संभव आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला तो त्यानंतर साठ वर्षांनीं, २८ जुलै २०१० रोजीं. १२२ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, ४१ तटस्थ राहिलीं. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांत २१० कोटि माणसांस सुरक्षित व्यवस्थेचें पिण्याचें पाणी मिळत नव्हतें, म्हणजे दर चौघांत एकास. या २१० कोटींत वाळवंटांत राहणारे आहेत तसे विषुववृत्ताजवळच्या गर्द निळ्या पट्ट्यांतले, काँगोच्या खोऱ्यांतले लोकहि आहेत.

मग शिकवावयाचें कसें? नकाशा टाकून द्यावा असें माझें म्हणणें नाहीं; तो पाठ झालाच पाहिजे. परंतु त्याच्या शेजारीं मुलांनीं दुसरा नकाशा स्वतः काढावा. सरळ बाजूंचा एक डबा गच्चींत किंवा अंगणांत ठेवून जूनपासून पाऊस मोजावा, हें पहिलें काम. साधी पट्टी त्यास पुरे होते. दुसरें काम घरांतलें. घरीं नळास पाणी किती वेळ येतें, तें कोण भरतें, आणि तें कोणत्या धरणांतून येतें, हें विचारून लिहावें. घरांत भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंसहि, त्यांची सवड पाहून व आदरानें, हेंच विचारावें. दोन उत्तरें एकाच गल्लींतलीं असून पुष्कळदां दोन देशांतलीं वाटतात. तिसरें काम हंड्याचें. मध्यम हंड्यांत पंधरा लिटर पाणी मावतें, म्हणजे डोक्यावर पंधरा किलो, हंड्याचें वजन निराळें. पांच माणसांस दर माणशीं अवघे २० लिटर धरले तरी सात खेपा होतात. पाणवठा अर्ध्या किलोमीटरवर असला तर जाऊन-येऊन सात किलोमीटर चाल झाली, निम्मी ओझें घेऊन, आणि तीहि रोज. हा हिशेब फळ्यावर मांडून वर्गास विचारावें, कीं या खेपा घालणारी मुलगी शाळेंत किती वाजतां पोंचेल?

वरच्या वर्गांतल्या मुलांस एक प्रश्न उन्हाळ्याच्या सुटींत सोडवावयास द्यावा. मुंबईस ज्या तलावांतून पाणी येतें त्यांचीं नांवें लिहा; प्रत्येक तलाव कोणत्या तालुक्यांत आहे तें शोधा; त्या तालुक्यांत पाऊस किती पडतो तें लिहा; आणि गेल्या मे महिन्यांत त्याच तालुक्यांत किती गांवें व किती पाडे टँकरच्या यादींत होते, तें तहसील कचेरीस किंवा जिल्हा परिषदेस पत्र लिहून विचारा. पत्राचें उत्तर येण्यास वेळ लागेल. तोंवर पहिले तीन रकाने भरून ठेवावे.